नदीनं आणलं तर ये

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की नद्या डोंगरात उगम पावतात आणि समुद्राला मिळतात. आमच्या नदीनं यातलं निम्मं ऐकलं. बर्फाच्या डोंगरातून ती मोठा गाजावाजा करत निघते, सांकागास्ताच्या घळीतून दणदणत खाली येते आणि दरीत उतरली की तिला दम लागतो. गावापाशी ती गुडघाभर असते, गावाखाली घोट्याभर, आणि त्याच्याही खाली, जिथं मिठाचं पांढरं मैदान सुरू होतं, तिथं वाळूत ती नेमकी कुठं जाते ते कुणालाच सांगता येत नाही. समुद्र तिनं पाहिलेला नाही. आम्हीही नाही. इथला माणूस कुठलंही काम असंच करतो. सुरुवात ऐकून वाटावं आता जग बुडणार, आणि शेवट बघायला जावं तर वाळू. माझं घरच घ्या. लग्नाच्या वर्षी मी वरचा मजला बांधायला काढला. जिना झाला आहे. होविता, म्हणजे माझी बायको, त्या जिन्यावर मिरच्या वाळत घालते.

नदी एवढीशी असली तरी आमचं डोकं तिच्यावरच चालतं. उजवं-डावं आम्ही शाळेत शिकलो आणि शाळेतच ठेवून आलो. डोंगराची बाजू ती वर, मिठाची बाजू ती खाली. घरातसुद्धा. ‘बाकावर जरा वर सरक,’ ‘साखर खालच्या फडताळात आहे,’ ‘माझ्या वरच्या कानात दडा बसलाय.’ एकदा मी शहरात दातांच्या डॉक्टरकडं गेलो आणि सांगितलं की डोंगराकडची दाढ दुखते. भला माणूस होता. त्यानं मला खुर्चीत आडवं केलं, खुर्ची खिडकीकडं फिरवली आणि विचारलं, “डोंगर कुठल्या बाजूला?” मी बोट दाखवलं. त्यानं त्या बाजूची काढली. दुखणारी अजून माझ्या तोंडात आहे.

आणि काठ दोन. चर्च ज्या काठावर आहे ते गाव अलीकड, समोरचं पलीकड. पलीकडची माणसंसुद्धा स्वतःच्या अंगणात उभी राहून सांगतात, “आम्ही पलीकडचे.” बाहेरून आलेले लोक याला हसतात. मी त्यांना म्हणायचो, यात हसण्यासारखं काय आहे? नदी काय रोज जागा बदलते? हे मी मागच्या उन्हाळ्यापर्यंत म्हणत होतो.

मी पाटकरी आहे. घळीच्या तोंडाशी दोन दारं आहेत, एक अलीकडच्या पाटाचं, एक पलीकडच्या. कुणाच्या शेताची पाळी आहे ते बघून मी दार उचलतो आणि पाडतो. हे काम दर वर्षी सभेत निवडून देतात आणि दर वर्षी मलाच देतात, कारण दोन्ही काठांच्या शिव्या खाऊन ज्याच्या अंगी लागतात असा माणूस दरीत दुसरा नाही.

आता रोसेन्दामावशी. ती माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या दरीचीच मावशी. ती जन्मली पलीकडं. तिच्या बापाचं घर अगदी काठावर, पुढं दगडी ओटा, ओट्यावरून नदी दिसते. कार्निवलात तिला अलीकडचा लादिस्लाओ आवडला. अलीकडचा आहे, यापलीकडं त्याच्यात दुसरा दोष बापाला शोधूनही सापडला नाही, पण तो एकच पुरेसा होता. लग्नाला निघाली तेव्हा बाप दारात उभा राहून म्हणाला, “चाललीस तर जा. पण पाय ओले करून या दारात परत यायचं नाही. नदीनं आणून टाकली, तरच या घराची कडी निघेल.” आमच्याकडं नदी दारात आणून टाकते ती पुरात मेलेली ढोरं. म्हणजे म्हाताऱ्याचं म्हणणं सरळ होतं, कधीच नाही.

मावशी पाय ओले करून अलीकडं आली. लादिस्लाओचं घरही काठावरच, बरोबर समोर. त्यामुळं तिचं सासर आणि माहेर तोंडाला तोंड लावून उभी, मधून पाणी. सकाळी माहेरी चूल पेटली की धूर हिच्या अंगणात यायचा. माहेरी काय शिजतंय हे हिला सासरी बसून कळायचं. बाप गेला तेव्हा ती अलीकडच्या काठावर उभी राहिली, पलीकडचे लोक पेटी घेऊन टेकडीवर चढून दिसेनासे होईपर्यंत. तिचा भाऊ एलिओदोरो तेव्हा पेटीच्या पुढं चालत होता. त्यानं वळून पाहिलं नाही. बापामागं त्याला घर मिळालं, खेचर मिळालं, पाण्याची पाळी मिळाली आणि ती शपथही मिळाली. खेचर मेलं. शपथ मात्र त्यानं सांभाळली.

भाऊ-बहीण वर्षातून एकदा बोलायचे, तेही सगळ्या दरीसमोर. कार्निवलच्या शेवटच्या दिवशी दोन्ही गावं आपापल्या काठावर जमतात. तोंडाला पीठ फासलेलं, कानामागं सब्ज्याची डहाळी, हातात डफ. एका काठानं चार ओळींचं दूषण गायचं आणि दुसऱ्यानं डफाची थाप विरायच्या आत उत्तर द्यायचं. ज्या काठाला उत्तर सुचलं नाही तो हरला. मावशी अलीकडकडून गायची. लादिस्लाओच्या आईनं पहिल्या वर्षी “पलीकडचीला काय येतंय” म्हणून नाक मुरडलं होतं. मावशी पुढं झाली आणि माहेराकडं तोंड करून गायली,

पलीकडच्या शूरांच्या
मिशांना भारी पीळ,
अंगणात बोका शिंकला
की गाठती उंदराचं बीळ!

एलिओदोरोला तेव्हा नुकत्या मिशा फुटल्या होत्या. त्यानं डफ उचलला.

अलीकडच्या चक्कीला
लागत नाही पाणी,
जिभेवरती दळण दळते
त्यांची नवी राणी!

तेव्हापासून दर वर्षी हे चाललं. लादिस्लाओ वारला त्या वर्षी मावशी गाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती काळ्या कपड्यांत आली. पलीकडून एलिओदोरोनं असं साधं, असं मिळमिळीत दूषण गायलं की त्याचं उत्तर कुणालाही देता आलं असतं. मी माझ्या होविताला म्हटलं, म्हातारा थकला. होविता म्हणाली, “तुम्ही पाण्याचं बघा. माणसांचं तुम्हाला कळत नाही.”

मागच्या उन्हाळ्यात पूर आला. पूर आमच्याकडं उन्हाळ्यातच येतात. वर डोंगरात ढग फुटतो आणि खाली कोरड्या उन्हात बसलेल्या आमच्याकडं तांबडं पाणी दगड लोटत येतं. या वेळी गावाच्या वरच्या वळणावर पाण्यानं जुना रस्ता सोडला, मावशीच्या घराच्या मागची मक्याची शेतं कापली आणि तिकडूनच खाली गेलं. पाणी ओसरल्यावर बघतो तर मावशीचं घर होतं तिथंच उभं, भिंतीला साधी चीर नाही. फक्त त्याच्यापुढची नदी आता मागं होती. जुनं पात्र कोरडं पडलेलं, पांढरे गोटे आणि वाळू. मावशी आणि आमच्यामध्ये पाणी. मावशी आणि तिच्या माहेरामध्ये काहीच नाही.

यानंतर दरीत जो गोंधळ झाला तो मी सांगू नये हे बरं, कारण त्यात सर्वांत पुढं मीच होतो. बायका हंडे घेऊन कोरड्या पात्रात उतरत आणि तिथं उभ्या राहून इकडंतिकडं बघत. एका गड्यानं गाढवं पाण्यावर नेली आणि वाळू हुंगवून परत आणली. माझं सांगायचं तर नदी ओलांडताना दोरीच्या तळाच्या कापडी चपला काढायच्या, विजार गुडघ्यापर्यंत वळायची, हे आमच्या पायांना आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. पुरानंतर पहिल्यांदा मी पलीकडच्या दाराकडं निघालो तेव्हा माझं सगळं लक्ष कुणाची पाळी आहे यात होतं. मी नव्या नदीत चपलांसकट, विजारीसकट शिरलो, भिजलो, बाहेर आलो. मग मावशीच्या अंगणातून जुन्या पात्राच्या काठावर पोचलो, चपला काढल्या, विजार वर वळली आणि तापलेल्या गोट्यांवरून अनवाणी, उड्या मारत पलीकडं गेलो. तिथं पोचून चपला घातल्या. ओल्या होत्या. हे सगळं मावशीनं तिच्या दारातून पाहिलं आणि काही बोलली नाही. ती गप्प राहिली तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

खरी अडचण वेगळी होती. मावशीच्या परसात अक्रोडाची झाडं आहेत, लादिस्लाओनं लावलेली, त्यांच्यावरच तिचं चालतं. त्यांना अलीकडच्या पाटाचं पाणी होतं. तो पाट नव्या नदीनं मधोमध तोडला. पलीकडच्या पाटाचं शेपूट एलिओदोरोच्या शेतात संपतं. तिथून कोरड्या पात्रातून एक चर खणला की पाणी मावशीच्या झाडांना पोचलं असतं. पण पलीकडचं पाणी पलीकडच्यांच्या सभेच्या होकाराशिवाय देता येत नाही, आणि सभेचा म्होरक्या एलिओदोरो. मी त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, “ती अलीकडची आहे. तिला अलीकडचं पाणी द्या.” मी म्हटलं, मामा, तिच्या दारात आता नदी नाही. तो म्हणाला, “मग नदीला विचारा.” आणि कडी लावून घेतली.

अक्रोडांची पानं कडेनं करपायला लागली तेव्हा होवितानं मावशीच्या मुलीला निरोप धाडला. नेलिदा कोर्दोबा शहरात औषधांच्या दुकानात काम करते. तिला मी लहानपणापासून ओळखतो. ती बसमधून उतरली, नव्या नदीकडं बघून घाबरली, माझ्या खांद्याला धरून ओलांडून गेली. घर रिकामं होतं. शोधलं तर मावशी सापडली पलीकडं, एलिओदोरोच्या बंद दारापुढं, ओट्यावर, सकाळच्या उन्हात बसलेली. केस विंचरलेले, चांगला झगा, मांडीवर रुमालात बांधलेले अक्रोड.

“आई! इथं काय करतेयस?”

“घरी आलेय,” मावशी म्हणाली.

“घर तिकडं आहे आई. ते बघ, समोर.”

“ते लादिस्लाओचं.”

नेलिदानं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मी डोकं खाजवलं, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. दारामागून एलिओदोरोच्या खोकल्याचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही.

“रोज येते का ही इथं?” ओट्यापासून निघताना तिनं मला विचारलं.

“पूर ओसरल्यापासून,” मी म्हटलं. “रोज. दुपारी उठून जाते.”

“आणि तुम्ही कुणी मला कळवलं नाहीत, सेरापिओदादा?”

आम्हाला वाटलं होतं की मावशीचं डोकं फिरलं. वय झालं, माणूस गेला, नदीनं वाट चुकवली. वाचणाऱ्याला एव्हाना खरी गोष्ट कळली असेल. मला कळली नव्हती. बापाची ती शपथ मी लहानपणापासून शंभर तोंडांनी ऐकली होती, पण पाटाच्या शेपटाकडच्या शेताला जसं पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं, तसं माझ्या डोक्याचं आहे. आणि नेलिदाला ती शपथ मुळात माहीतच नव्हती. मावशीनं मुलीला कधी सांगितली नाही. आम्ही सांगितली नाही, कारण जे सगळ्यांना माहीत आहे ते कोण कुणाला सांगतं?

आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येते. नेलिदा आईला घेऊन गेली. शेजारचा म्हणून मला बरोबर घेतलं, ही तिची चूक.

“आजी, तुमचं घर कुठं आहे?” डॉक्टरीणबाईनं विचारलं.

“पलीकडं.”

“बघितलंत?” नेलिदा हळूच म्हणाली. “सगळा जन्म अलीकडं गेला हिचा.”

“जन्म नाही गेला,” मावशी म्हणाली. “जन्मले पलीकडं. संसार अलीकडं.”

“आणि रोज सकाळी कुठं जाता?”

“घरी. बाबांनी सांगितलंय.”

“बाबा आहेत तुमचे?”

“आहेत की. टेकडीवर पुरलेत.”

डॉक्टरीणबाईला हसू आलं, पण तिनं ते आवरलं आणि माझ्याकडं वळली. “तुम्ही शेजारचे ना? यांचं घर नक्की कुठल्या काठावर आहे?”

“अलीकड,” मी ठासून म्हटलं. “म्हणजे, पलीकडं. म्हणजे घर हललेलं नाही बाई, घर अलीकडंच आहे, पण ते आता पलीकडं आहे.”

“नदीच्या डाव्या काठाला की उजव्या?”

मी दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग मी खुर्ची उचलून डोंगराकडं तोंड करून ठेवली आणि पुन्हा बसलो, पण त्यानंही काही उजेड पडला नाही.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. “आज वार कुठला?”

“मावशीला विचारताय?”

“नाही, तुम्हाला.”

मी सांगितला. होविता म्हणते की तोही चुकला होता.

डॉक्टरीणबाईचं म्हणणं रास्त होतं. आजींची तब्येत ठणठणीत आहे, त्या गोंधळल्यात की नाही हे इथं बसून सांगणं कठीण आहे, कारण इथं सगळेच गोंधळलेले दिसतात. पण या वयात नदीनं तोडलेल्या घरात एकटं राहणं धोक्याचं. नेलिदानं ठरवून टाकलं. कार्निवलच्या शेवटच्या दिवशी दुपारी बस आहे, त्या बसनं आईला कोर्दोबाला न्यायचं, घराला कुलूप घालायचं. अक्रोड तसेही वाळतच होते. मावशी एवढंच म्हणाली, “गाणं झाल्यावर.” नेलिदानं ते कबूल केलं. मुलगी वाईट नव्हती. आईला पुरात वाहून गेलेली बघण्यापेक्षा शहरातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावर कुंड्यांना पाणी घालताना बघणं तिला बरं वाटत होतं, आणि त्यात चूक काय?

कार्निवलच्या आधी दोन्ही काठांची भांडणं झाली, गायला उभं कुठं राहायचं यावरून. जुन्या पात्रावर राहायचं तर मध्ये पाणी नाही, आणि पाण्यावाचून दूषणं दिली तर ती सरळ अंगावर येतात, हाणामारी होते. शेवटी ठरलं, पाणी आहे तिथं. नवी नदी मधे. हे ठरवताना कुणाच्याच लक्षात आलं नाही की आता पलीकडचा काठ म्हणजे मावशीचं अंगण.

त्या दिवशी आम्ही अलीकडचे लोक पीठ फासून आमच्या काठावर उभे. समोर पलीकडचे लोक जुनं कोरडं पात्र ओलांडून येत होते. निम्म्यांच्या चपला हातात होत्या, हे बघून मला फार बरं वाटलं. मावशीच्या कुंपणापाशी येऊन ते थबकले. सगळ्यांत पुढं एलिओदोरो, डफ काखेत, एका हातात काठी. शपथ होती ती त्याच्या दाराची. तिच्या दाराबद्दल बापानं काही म्हटलं नव्हतं. मावशी बाहेर आली, फाटक उघडलं. खुर्ची आणून डोंगराकडच्या बाजूला ठेवली, मानकऱ्याला ठेवतात तशी. तो बसला. मावशीनं डफ घेतला आणि त्याच्या शेजारी, आमच्याकडं तोंड करून उभी राहिली.

“मावशी!” आमच्या काठावरून कुणीतरी ओरडलं. “इकडं! तुम्ही आमच्या!”

“चुकली बिचारी,” माझ्यामागं कुजबुज झाली. नेलिदा माझ्याजवळ उभी होती, पायाशी दोन पिशव्या, एक आईची. तिनं मान खाली घातली. “बघितलंस ना, दादा,” ती म्हणाली. “मी काही उगीच नेत नाहीये तिला.”

मावशीनं डफावर थाप मारली.

अलीकडचा पाटकरी
भलता हुशार बाई,
वाळूत काढतो चपला आणि
पाण्यात घालून जाई!

दोन्ही काठ हसले. दोन्ही. माझे स्वतःचे लोक पोट धरून हसत होते. होविता एवढी हसली की तिच्या तोंडावरचं पीठ गळून पडलं. आमच्याकडून उत्तर तिनं द्यायचं होतं, कारण मावशी नसताना आवाज असलेली तीच एक. तिला विचारलं तर म्हणाली, “काय उत्तर देऊ? खरं आहे ते.”

पण मी हसत नव्हतो. वाट चुकलेली बाई असं गात नाही. ज्या बाईला डफाच्या एका थापेत माझं सगळं आयुष्य चार ओळींत मांडता येतं, तिला आपण कुठल्या काठावर उभे आहोत हे माहीत असतं. मी नेलिदाकडं वळलो. तिनंही मान वर केली होती.

मावशीनं दुसरी थाप मारली. ही हलकी होती. ती आता आमच्याकडं बघत नव्हती. ती खुर्चीकडं वळली.

बाप म्हणाला, नदीनं आणलं
तरच घरात ये;
नदीनं आणलं दारापाशी,
भावा, कडी काढून दे.

माझ्या डोक्यात पाणी पोचलं ते तेव्हा. पोचलं तेही एकदम, पुरासारखं. मी नेलिदाला तिथंच, ओरडून, सगळी शपथ सांगितली, लग्नाचा दिवस, दारातला बाप, पाय ओले करून यायचं नाही, सगळं उलटसुलट. ती ऐकत होती आणि समोर बघत होती. “रोज सकाळी,” ती म्हणाली, “पाय कोरडे ठेवून बसत होती ती तिथं.”

नियमाप्रमाणं आता एलिओदोरोनं उत्तर द्यायचं होतं. त्यानं डफ उचलला. हात वर गेला आणि तिथंच थांबला. डफाचा आवाज विरून गेला. इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही अडखळला नव्हता. त्यानं डफ खाली ठेवला, काठी घेतली, उठला आणि कोरड्या पात्रातून आपल्या घराकडं चालू लागला. पलीकडच्यांनी त्याला वाट करून दिली. मला वाटलं, झालं. म्हातारा रागावला.

तो ओट्यावर चढला. आम्ही सगळे बघत होतो. त्यानं दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, आत गेला, आणि थोड्या वेळानं त्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला. वारा नेहमीचाच होता, तो धूर मावशीच्या अंगणात आला. मावशीनं डोळे मिटून तो हुंगला आणि निघाली. रुमालातले अक्रोड घ्यायला ती विसरली नाही.

इकडं लगेच भांडण सुरू झालं. पलीकडच्याला उत्तर सुचलं नाही, म्हणून अलीकड जिंकलं, असं आमचे लोक म्हणायला लागले. पण गाणारी पलीकडून उभी होती, म्हणून पलीकड जिंकलं, असं ते म्हणायला लागले. मला पाटकरी म्हणून निवाडा विचारला. तेवढ्यात चर्चपाशी बसनं भोंगा वाजवला. ड्रायव्हरला आमच्या सणाशी काही देणंघेणं नसतं.

नेलिदानं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि नदीत शिरली. मी मागोमाग. या वेळी मी बरोबर जागी चपला काढल्या. अंगणातून, कोरड्या पात्रातून आम्ही ओट्यापाशी पोचलो. एलिओदोरोच्या हातात ‘माते’ या कडू पानांच्या चहाचा पोकळ भोपळा होता, नळीनं पितात तो; त्यानं एक घोट ओढून तो बहिणीला दिला. दार मागं उघडंच होतं. मावशी पायरीच्या बाजूला बसली होती, रोज बसायची तिथंच.

“बस आलीय, मावशी,” मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

“चपला घाल,” मावशी म्हणाली. “नदी मागं राहिली.”

मी खाली पाहिलं. चपला हातातच होत्या, आणि पाय तापलेल्या गोट्यांनी लाल झाले होते.

एलिओदोरो माझ्याकडं न बघता म्हणाला, “उद्या गडी घेऊन ये. पात्रातून चर खणायचा आहे. माझ्या पाळीतलं पाणी हिच्या झाडांना सोडायचं.”

“सभेला विचारावं लागेल, मामा.”

“मी विचारतो त्यांना. तू खण.” मग तो बहिणीकडं वळला. “वर सरक जरा. मला बसू दे.”

मावशी डोंगराकडं सरकली. तो तिच्याशेजारी टेकला. त्याच्या खाली, ओट्याच्या टोकाला, एका माणसापुरती जागा उरली होती. बसनं पुन्हा भोंगा वाजवला. नेलिदा पिशव्या धरून आईपुढं उभी होती.

“आई,” ती म्हणाली, “रात्री पाणी वाढलं तर?”

“तर इथं येऊन झोपेन. दार उघडं आहे.” मावशीनं चहाचा भोपळा तिच्यापुढं धरला. “तूही बस. खाली जागा आहे.”

इतकी वर्षं कोर्दोबात राहिलेली नेलिदा. मी बघत होतो. तिनं पिशव्या खाली ठेवल्या, भोपळा घेतला, आणि कुणालाही न विचारता, मान वर न करता, मामाच्या पलीकडून वळून मिठाकडच्या टोकाला जाऊन बसली. मी काठावर गेलो आणि ड्रायव्हरला हात केला, जा म्हणून.